मुक्काम आणि वर्षावास

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसचा तळ सोडते, खुडूसच्या फाट्यावर रिंगण होते आणि सायंकाळी ती वेळापुरात उतरते. त्या एका रात्रीपुरते सारे गाव अंग आवरून बसते. ओसऱ्या, शाळांच्या खोल्या, देवळाचे आवार, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागा, जिथे पथारी पडेल तिथे माणूस विसावतो. उतरलेल्याला उपाशी झोपू द्यायचे नाही, हा गावाचा रिवाज. दुसऱ्या दिवशी उजाडले की तळ मोकळा होतो. हा झाला मुक्काम. त्याच आषाढाच्या पौर्णिमेपासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. चारिका थांबवायची, तीन महिने एका जागी राहायचे, धम्माचे अध्ययन करायचे, शंका विचारायच्या, अशी ही अडीच हजार वर्षांची प्रथा. पावसाळ्यापुरत्या या निवासांतून पुढे कायमचे विहार उभे राहिले आणि विहारांतून नालंदेसारखी महाविहारे. सातव्या शतकात चीनहून आलेला ह्यूएनत्संग नालंदेस राहून शिकला. म्हणजे विद्यापीठ नावाची संस्था आपल्या भूमीत निवासाच्या पोटी जन्मली. आधी राहण्याची जागा, मग तिथला अभ्यास.

हा क्रम आपण उलटा केला आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो, याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांला काही लिहावयाचे आहे.

निवासी शाळा म्हणजे काय, हे प्रस्तुत वाचकांना समजावून सांगावयास नको. पहाटेची घंटा, वंदना, ओळीने मांडलेली ताटे, रात्रीची अभ्यासिका, पत्र्याच्या पेटीला लावलेले लहानसे कुलूप. घरी एका खोलीत सहा माणसे झोपत असताना जे मूल पुस्तक उघडू शकले नसते, ते येथे वाचायला बसले. परंतु दहावी-बारावीची गुणपत्रिका हाती पडली की पेटी घरी जाते. अभ्यासाच्या दृष्टीने जे वय सर्वांत मोलाचे, नेमक्या त्या वयात राहण्या-जेवणाची जबाबदारी एकाएकी त्या मुलावर आणि त्याच्या आईवडिलांवर येऊन पडते. गुणवंतांच्या सत्कारसभेत आपण व्यासपीठावरून विचारतो, "बाळ, पुढे काय शिकणार?" "कुठे राहणार?" असे कोणी विचारीत नाही. वास्तविक अनेक घरांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असते.

सोलापूर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १ ऑगस्ट २००४ रोजी. तोपर्यंत येथे शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते आणि कारभाराची सूत्रे कोल्हापुरास होती. एका जिल्ह्यासाठी एक विद्यापीठ, ही कल्पनाच मोठी आश्वासक. ११ तालुक्यांतील महाविद्यालये त्याला संलग्न झाली, आणि शहराबाहेर सोलापूर-पुणे महामार्गावर केगाव येथे त्याचा परिसर विस्तारत गेला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, भूशास्त्र, सामाजिकशास्त्रे, भाषा अशी संकुले तेथे आहेत. २०१९ साली विद्यापीठास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाविषयी आम्हांला आपलेपणा आहे, म्हणूनच पुढील मजकूर.

जिल्ह्याच्या विद्यापीठाने जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत, अशी अपेक्षा असते. सोलापुरात त्यांची वाण नाही. उजनीचे पाणी कोणाच्या शेतात पोहोचते आणि कोणाच्या नाही. यंत्रमाग थांबल्यावर विणकराचे घर कसे चालते. विडी वळणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचे काय होते. नान्नजच्या माळरानावरून माळढोक का नाहीसा होत चालला. आपल्या माळशिरस तालुक्यात तर नीरा उजव्या कालव्याच्या एका अंगाला उसाचे फड आणि दुसऱ्या अंगाला त्या उसाच्या तोडणीवर जगणारी माणसे, असे दोन देश शेजारी शेजारी नांदतात. या प्रश्नांची पहिली जाण ज्याला घरातून मिळालेली असते, तो मजुराचा मुलगा संशोधनाच्या टेबलापर्यंत पोहोचला, तर त्या विद्येचा रंगच बदलेल. त्याला तिथे पोहोचवणे ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी समजू नये. विद्यापीठाचीच ती गरज आहे.

परंतु वेळापूर ते सोलापूर हे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. पंढरपूर, मोहोळ करीत एसटीने जायलाच अडीच-तीन तास लागतात. पदवीपर्यंतची सोय अकलूजला किंवा पंढरपूरला होते, त्यापुढे केगाव. रोज जाऊन येणे म्हणजे सहा तास बसमध्ये काढणे. करमाळ्याच्या उत्तर टोकाचा किंवा नातेपुत्यापलीकडचा विद्यार्थी याहून दूर. जिल्ह्याचे विद्यापीठ झाले म्हणून ते जवळ आले, हे नकाशात खरे आहे. एसटीच्या थांब्यावर उभे राहिले की ते तितकेसे खरे वाटत नाही. येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा मोफत प्रवास ज्या योजनेतून मिळतो, तिलाही अहिल्याबाईंचेच नाव आहे. तो पास बारावीपर्यंत चालतो. एका अहिल्याबाईंचा पास जिथे संपतो, तिथून दुसऱ्या अहिल्यादेवींचे विद्यापीठ सुरू होते आणि मधली वाट मुलीने स्वतःच्या हिमतीवर चालायची असते. ज्या राणीने काशीपासून रामेश्वरापर्यंत वाटसरूंसाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तिच्या नावाचे हे ऋण आहे. दूरवरून आलेल्या माणसाला निवारा मिळाला पाहिजे, एवढीच तिच्या बांधकामांची सरळ भाषा होती.

आता शंभर वर्षे मागे जाऊ. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेच्या उद्दिष्टांत अग्रभागी होता शिक्षणप्रसार, आणि त्याचे पहिले साधन म्हणून वसतिगृहांचा उल्लेख होता. उद्दिष्ट कागदावर राहिले नाही. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने माध्यमिक शाळेतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, आणि ते उघडले आपल्या सोलापुरात. सोलापूरचे कार्यकर्ते जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. मुलांचे जेवण, कपडे, लेखनसाहित्य, सारे सभेने उचलले. सोलापूर नगरपालिकेने दरमहा अल्पसे अनुदान दिले. त्याच काळात विद्यार्थ्यांकरवी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक निघाले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले गेले, आणि तरुण व्यसनांकडे वळू नयेत म्हणून एक हॉकी क्लबही काढण्यात आला.

या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी वाचकांस विनंती आहे. निवास, वाचनालय, मासिक, मैदान. आज विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांतून शैक्षणिक विभाग, क्रीडा विभाग आणि वसतिगृह विभाग अशी तीन वेगळी पाने असतात, त्यांची तीन वेगळी कार्यालये असतात आणि एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो. खिशात पैसा नसलेल्या त्या सभेने मात्र हे एकच काम मानले. मूल राहिले तर वाचेल, वाचले तर लिहील, आणि सायंकाळी खेळले तर टिकेल. तिच्यापाशी ना कायदा होता, ना अनुदान आयोग. सोलापूरच्या त्या वसतिगृहाला ४ जानेवारी २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. जयंत्या-पुण्यतिथ्या न चुकता साजऱ्या करणारा आपला समाज. पण या शताब्दीला जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता, तेवढा तो झाला नाही, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

पुढे १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, तेव्हाही हेच सूत्र होते. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला, मिलिंद. आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला, नागसेनवन. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली पोरे तिथल्या वसतिगृहांत राहिली. रात्री जागवून त्यांनी वाद घातले, कविता वाचल्या. मिलिंदच्याच वर्तुळातून १९६७ मध्ये 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली पुढे ते 'अस्मितादर्श' झाले आणि मराठी साहित्याचा एक मोठा प्रवाह त्याच्या आधाराने वाहिला. ही मुले सायंकाळी पाचच्या बसने आपापल्या गावी परतत असती, तर हे घडले असते का? आम्हांला तसे वाटत नाही. वर्गात पदवी मिळते, परंतु विचाराला सोबती लागतात, आणि ते दिवे मालवण्याच्या वेळेनंतरच भेटतात.

खेळाचेही तसेच आहे, आणि याबाबतीत वेळापूरकरांना बाहेरचा दाखला शोधायला नको. सोलापूरच्या वसतिगृहाला शंभर वर्षे झाली त्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवून तो जिंकला. विजयी पुरुष संघात आपल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. गावाने अभिमान मिरवला, तो रास्तच. पण खो-खोचा खेळाडू कसा घडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की हा एकट्याने करायचा सरावच नाही. आठ जण पाटीवर बसलेले, एक धावणारा, समोर तीन जणांची तुकडी. एवढी मुले पहाटे आणि सायंकाळी, महिनोन् महिने, एकाच मैदानावर जमली पाहिजेत. त्यांना डाळ, भाकरी, दूध, अंडी वेळेवर मिळाली पाहिजेत. जो विद्यार्थी शेवटच्या एसटीकडे डोळे लावून बसला आहे, तो पाटीवर बसूच शकत नाही. मग विद्यापीठाचा संघ अश्वमेध क्रीडा महोत्सवाला किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, तेव्हा ज्याच्या पायांत वेग होता पण ज्याला शहरात खोली नव्हती, असा मुलगा त्यात नसतो. त्याची नोंद कुठल्याही गुणफलकावर होत नाही. धावपटू, मल्ल, कबड्डीपटू, सर्वांची हीच गोष्ट. मैदान आखले, सिंथेटिक ट्रॅक घातला, व्यायामशाळा बांधली, तरी मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर खाट नसेल, तर त्या साऱ्याचा लाभ शहरातल्या मुलांनाच होतो.

यावर शासनाचे उत्तर आहे आणि ते नाकारण्याजोगे नाही. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. त्यांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाहापोटी रक्कम थेट खात्यात जमा होते, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि लहान ठिकाणी त्याहून कमी. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या अनेक प्रवर्गांतील मुलींचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले. या योजनांनी असंख्य घरांना आधार दिला आहे. तरीही रोख रकमेवर सारा भार टाकण्याविषयी आमचा आक्षेप आहे. खात्यात पैसे येण्यास विलंब झाला, तर घरमालक आणि मेसवाला विलंब करीत नाहीत. आणि समजा पैसे वेळेवर आले, तरी त्यातून मिळते काय? पुण्याच्या पेठांत ज्याला 'कॉट बेसिस' म्हणतात ती व्यवस्था: एका खोलीत पाच खाटा, एक खिडकी, बाहेरून येणारा डबा आणि कोणाचे कोणाशी बोलणे नाही. काही घरांत आडनाव विचारून झाल्यावर खोली 'कालच गेली' असे कळते. हा अनुभव आपल्यातील कित्येकांना आहे; त्यावर सविस्तर लिहिण्याची गरज नाही.

जुन्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत 'पॅरासाइट' असा एक शब्द रूढ आहे. ज्याला प्रवेश मिळालेला नाही, पण जो मित्राच्या खोलीत खाली अंथरूण टाकून राहतो, तो पॅरासाइट. शब्द थट्टेतला, पण थट्टा कडवट आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा जीव, असा त्याचा अर्थ. आणि तो लावला जातो त्या मुलाला, ज्याने दिवसभर काम करून, रात्री जमिनीवर झोपून पदव्युत्तर पदवी मिळवली. आमच्या मते हा शब्द त्या मुलाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. जागांची संख्या ठरवणाऱ्यांनी तो स्वतःकडे घ्यावा.

मुलींच्या पालकांशी आम्हांला थोडे वेगळे बोलायचे आहे. मुलगी हुशार आहे, तिला पुढे शिकवायचे आहे, पण 'परक्या गावी ठेवायची कशी,' ही धास्ती आम्ही जुनाट म्हणून झटकून टाकणार नाही. केगावचा परिसर शहरापासून दूर, महामार्गाला लागून आहे. ग्रंथालयातून रात्री नऊला निघालेल्या मुलीला तिच्या खोलीपर्यंत उजेड असावा, वसतिगृहाची अधीक्षिका तेथेच राहणारी असावी, आजारी पडल्यास गाडी मिळावी, एवढे मागणे कोणत्याही आईबापाचे असते. विद्यापीठाच्या परिसरात मुलांची आणि मुलींची वसतिगृहे आहेत, हे खरे. परंतु अर्ज करणारी प्रत्येक परगावची मुलगी तेथे सामावेल इतक्या जागा हा आमचा निकष आहे, आणि त्याखालच्या कोणत्याही आकड्यावर समाधान मानू नये. जिने निवासी शाळेत सात-आठ वर्षे काढली, तिला वसतिगृहाची शिस्त शिकवावी लागत नाही. तिला केवळ दार उघडे हवे आहे.

काही जाणते म्हणतात, आता शिक्षण मोबाइलवर आले, घरबसल्या पदवी मिळते, वसतिगृहांचा खर्च कशाला? ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे, त्यांनी हे म्हणावे. इतरांच्या घरबसल्या शिकण्याचा अर्थ धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हशीची धार काढत, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात शिकणे, हा आहे. अशांनाच तर निवासी शाळेने कधीकाळी उचलून आणले.

प्रश्न उरतो, करायचे काय. निवेदने देऊन झाली आहेत. निवेदनाच्या पोहोचेवरचा शिक्का हाच ज्यांच्या कार्याचा पुरावा, असे कार्यकर्तेही आपल्यात आहेत. आम्ही दुसरी वाट सुचवतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात, आणि त्यांतील निम्म्या जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव आहेत. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. वसतिगृहाच्या खाटा किती वाढवायच्या, मेसला अनुदान द्यायचे का, खेळाडूंच्या आहारासाठी किती तरतूद करायची, हे तेथे उभे राहून विचारता येते. या मतदारसंघात नाव आपोआप येत नाही. पदवीधराने स्वतः अर्ज करून नोंदवावे लागते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी शिक्षक, वकील, अभियंते, बँकेतले, पोलिसातले असे पदवीधर गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाडी करून येणारे आपण, या मतदारयादीकडे मात्र फिरकत नाही.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि ते नाव प्रत्यक्षात लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या साडेपंधरा वर्षांत माणसांनी घरे गमावली, प्राण गमावले, पण मागणी सोडली नाही. सोलापुरातच विडी कामगार बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे मिळवली. २००६ साली पंतप्रधानांच्या हस्ते त्यांच्या चाव्या मिळाल्या. ज्यांना सहीसुद्धा जेमतेम येत होती, त्यांनी हे केले. पदवीधरांनी काही शेकडा खाटांसाठी एक अर्ज भरणे, ही त्या मानाने हलकी कामगिरी आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. स्नेहमेळाव्याच्या दिवशी भोजनमंडपाशेजारी एक टेबल मांडावे. सोलापूर विद्यापीठाच्या पदवीधरांनी येताना पदवी प्रमाणपत्राची प्रत, ओळखपत्र आणि छायाचित्र सोबत आणावे. पदवीधर नोंदणीचे अर्ज तेथे भरून घेता येतील. ज्यांचे वास्तव्य सोलापुरात आहे, त्यांनी आपला पत्ता आणि दूरध्वनी शाळेच्या कार्यालयात लिहून ठेवावा. जूनमध्ये प्रवेशाची पहिली यादी लागते आणि वसतिगृहाची यादी त्यानंतर कित्येक दिवसांनी. मधल्या काळात आपल्या शाळेच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला पेटी कुठे ठेवायची, हा प्रश्न पडतोच. तेवढ्या दिवसांपुरती एका घराची ओसरी लागते.